काळ्या पडद्याआडचा पिंजरा

प्रति,
मांसविक्रीचे परवाने देणारे व तपासणारे अधिकारी,
आमच्या वॉर्डाचे पार्षद,
आणि आमच्या वसाहतीच्या रहिवासी संघाचे पदाधिकारी,
इंदूर.

सादर नमस्कार.

आधी कबुली देऊन टाकते. मी मटण खाते. आमच्याकडे रविवारी कोंबडी शिजते आणि माझ्या हातच्या रश्श्याला माहेर-सासर दोन्हीकडून मागणी असते. दुसरी कबुली अशी की मी जनावरांची डॉक्टर आहे. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत गावोगाव फिरले आणि आता निवृत्त होऊन इंदुरात घरी बसले आहे. तेव्हा मांसविक्री बंद करा असं मागणारं हे पत्र नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांनी आपलं पत्र लिहावं, मी ते आदराने वाचेन. माझं गाऱ्हाणं निराळं आहे.

आमच्या वसाहतीच्या तोंडाशी कोंबडीचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, पुढे तीन मजली जाळीचा पिंजरा, मागे ठोकळा आणि एक निळं प्लॅस्टिकचं पिंप. रहिवासी संघाने दुकानाविरुद्ध ठराव केला, पार्षदांनी अर्ज पुढे पाठवला आणि मार्चमध्ये तपासणीची माणसं येऊन गेली. दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघाले तर टपरीला वरपासून खालपर्यंत काळं प्लॅस्टिक. आतून पाखरांचा आवाज तेवढा येत होता. दुकान चालवणारा पोरगा विशीतला आहे. त्याला विचारलं, काय काय तपासलं रे? तो म्हणाला, "कुछ नहीं आंटी. बोले, परदा लगा लो. दिखना नहीं चाहिए."

या शेवटच्या तीन शब्दांनी मला लिहायला बसवलं.

डिसेंबर २०२३मध्ये मध्य प्रदेशात नवं सरकार आलं. त्याच्या पहिल्याच निर्णयांत उघड्यावरच्या आणि विनापरवाना मांस-अंडी विक्रीला आळा घालण्याचा निर्णय होता. परवाना घ्या, नियम पाळा, असा त्याचा अर्थ. भोपाळहून आमच्या कोपऱ्यापर्यंत येता येता त्यातले नियम गळाले आणि पडदा तेवढा पोचला. रहिवासी संघाच्या ठरावातही 'लहान मुलांच्या मनावर परिणाम', 'येणाऱ्याजाणाऱ्यांना किळस', 'घरांच्या किमती' असे शब्द आहेत. कोंबडी हा शब्द एकदाच आला आहे, तोही दुकानाच्या नावात.

पडद्याने त्या कोंबड्यांचं काय झालं ते सांगते, कारण ठराव करताना ते कुणाच्या मनात आलं नसणार. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. अंगातली उष्णता ती चोच उघडी टाकून, धापा टाकत बाहेर काढते, आणि त्यासाठी तिला वारा लागतो. ब्रॉयलर तर सहा आठवड्यांत दोन किलो भरावा म्हणूनच पैदा केलेला. त्याचं मांस वाढतं त्या वेगाने हृदय आणि फुप्फुसं वाढत नाहीत. इंदुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. वर पत्रा, तीन बाजूंनी भिंत, आणि जिथून झुळूक यायची त्या चौथ्या बाजूला आता काळं प्लॅस्टिक. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी मी ते सारून आत डोकावले. वरच्या कप्प्यातली सगळी चोची वासून, पंख अंगापासून लांब धरून बसलेली. खालच्या कप्प्यात दोन मेलेली आणि त्यांच्यावर बाकीची उभी. पाण्याचं भांडं कुठेच नाही. पाणी दिलं की घाण करतात आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं, हे पोराचं म्हणणं. कापण्याआधी काही तास दाणा बंद ठेवतात, ते शास्त्राला धरून आहे. आतडी रिकामी राहतात. पाणी बंद करा असं कुठल्याच शास्त्रात सांगितलेलं नाही.

पडदा नव्हता तेव्हा निदान एखादी आजी ओरडायची, "अरे, पाणी तरी ठेव त्यांना!" आता आजीला दिसत नाही.

आता वाहतुकीचं बघा. पक्षी दुकानात येतो तोच अर्धमेला होऊन. दुचाकीच्या हँडलला पाय बांधून दहा-दहा कोंबड्या उलट्या टांगलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आपल्या छाती आणि पोटाच्या मध्ये एक पडदा असतो, श्वासपटल म्हणतात त्याला. कोंबडीला तो नसतो. (ज्या एका जागी पडद्याचा उपयोग झाला असता तिथे तो नाही.) उलटं टांगलं की आतडी आणि यकृताचा सगळा भार श्वासाच्या पिशव्यांवर येतो. ती शांत लटकलेली दिसते ती शांत नसते, तिला श्वास पुरत नसतो.

जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८चे आहेत आणि त्यांत २००१मध्ये कोंबड्यांसाठी वेगळं प्रकरण जोडलं गेलं. ऊन-पाऊस लागू देऊ नका, तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५ अंशांच्या खाली असेल तर पक्षी नेऊ नका, असं त्यात आहे. हे लिहिणारे मे महिन्यात माळव्यात येऊन गेले नसावेत, असं माझं नम्र मत आहे. इथे तेव्हा पहाटेही पारा पंचविशीच्या आसपास असतो. अक्षर न् अक्षर पाळायचं म्हटलं तर उन्हाळाभर शहरात कोंबडी यायची नाही. पण नियम पाळण्याजोगा नाही म्हणून त्यामागचं कारण खोटं ठरत नाही. गाडी रात्रीची आणा, क्रेट कोंबू नका, वर ओलं गोणपाट टाका, दुपारी सिग्नलला टेम्पो उभा करून चहाला जाऊ नका. एवढं सांगायला कायद्याची पदवी लागत नाही, फक्त नाक्यावर कुणीतरी टेम्पो थांबवावा लागतो.

प्रत्यक्ष कापण्याविषयी बोलायला लोक कचरतात. मी बोलते. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम भरतनाट्यमच्या नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या चिकाटीमुळे आला. राज्यसभेत त्यांनी खाजगी विधेयक मांडलं होतं, मग सरकारने आपलं आणलं. त्या कायद्याचं ११वं कलम मोठं व्यवहारी आहे. अन्नासाठी जनावर मारणं हा गुन्हा नाही असं ते सरळ मान्य करतं, फक्त त्यात अनावश्यक वेदना होता कामा नये. माझं सगळं पत्र त्या 'अनावश्यक' शब्दावर उभं आहे.

आमच्या टपरीत काय होतं? सुरी बोथट असते. गळ्याच्या एकाच बाजूला कापलं जातं, दुसऱ्या बाजूची रक्तवाहिनी शाबूत राहते, म्हणून शुद्ध लवकर हरपत नाही. मग पक्षी निळ्या पिंपात फेकायचा. आत आधीचे दोन-तीन अजून फडफडत असतात. समोर पिंजऱ्यातले बघत असतात. धार लावलेल्या सुरीने दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या एका फटक्यात कापल्या आणि पक्षी पत्र्याच्या नरसाळ्यात डोकं खाली करून धरला, तर पंख मोडत नाहीत, रक्त नीट निथळतं आणि तो काही सेकंदांत शुद्ध हरपतो. इथे उलटं धरणं काही सेकंदांचं असतं, हँडलवरच्या अर्ध्या तासाचं नव्हे. त्याहून बरं म्हणजे आधी विजेच्या धक्क्याने बेशुद्ध करणं. ते यंत्र प्रत्येक टपरीला परवडणार नाही हे मलाही कळतं. नरसाळं मात्र कुठलाही पत्रेवाला करून देतो.

हलाल की झटका, हा वाद कृपा करून इथे आणू नका. हलालच्या रीतीत सुरी धारदार हवी, ती जनावरासमोर परजायची नाही, एकाला दुसऱ्यासमोर कापायचं नाही, असं जुन्या जाणत्यांनी सांगितलेलं आहे. झटक्याचा तर सगळा भरच एका घावावर. बोथट सुरी आणि पिंप दोन्ही परंपरांत बसत नाही.

आता माझ्या स्वतःच्या सहीविषयी.

नोकरीच्या सुरुवातीला एका छोट्या गावी माझ्याकडे दवाखान्याबरोबर तिथल्या कत्तलखान्याचंही काम होतं. पहाटे साडेतीनला जायचं, बॅटरीच्या उजेडात रांगेतून चालत जायचं आणि निघताना रजिस्टरवर सही करायची. सणाच्या आदल्या दिवशी दीडशेच्या वर बोकड-शेळ्या असत. मी सगळ्यांपुढे 'निरोगी' लिहिलं. हात लावला तो फार तर दहांना. एका पहाटे कापलेल्या शेळीच्या पोटातून दोन करडं निघाली. अंगावर केस आलेली, म्हणजे चार महिने उलटून गेलेले. शेळीला विण्याला पाच लागतात. रजिस्टरात त्या शेळीपुढे माझी सही होती. खाटीक म्हातारा होता. तो काही बोलला नाही. करडं त्याने गोणपाटात गुंडाळून बाजूला ठेवली आणि मला पाणी आणून दिलं. मी वरिष्ठांना लिहिलं की एका डॉक्टरला एवढी जनावरं तपासणं शक्य नाही. उत्तर आलं नाही. पुढच्या सणाला मी पुन्हा सह्या केल्या. नवी नोकरी होती, पदरात मूल होतं, ही कारणं आज मला पुरी पडत नाहीत.

पुढे २००१चे कत्तलखाना नियम आले आणि त्यांत मला हवा होता तो आकडा सापडला. एका पशुवैद्याने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. म्हणजे एकेकाला पाच मिनिटं. पाच मिनिटांत ताप बघता येतो, डोळ्याची आतली कड बघता येते, लंगडणारं जनावर चालवून बघता येतं, शेळीच्या पोटाला हात लावता येतो. गाभण जनावर कापायचं नाही, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू कापायचं नाही, तेवढं लहान पिल्लू असलेली आई कापायची नाही, एकाला दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत कापायचं नाही, सगळं त्यात आहे. वाचून मला आनंद झाला होता. निवृत्त होईपर्यंत मी हे नियम जिथे जिथे गेले तिथे छापील पाहिले. पाळलेले दोनदा पाहिले.

त्याच नियमांत एक फटही आहे. दिवसाला दहा किंवा जास्त जनावरं जिथे कापली जातात त्यालाच कत्तलखाना म्हटलं आहे. नऊ बोकड कापणारा त्यातून सुटला. अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांत दुसरी पायरी आहे: दिवसाला ५० कोंबड्यांपर्यंत नुसती नोंदणी, त्यावर रीतसर परवाना. आमच्या टपरीत रविवारी पन्नास तर सकाळी दहाच्या आत होतात. मी रांगेत उभी राहून मोजलेल्या आहेत. भिंतीवर कागद मात्र नोंदणीचा. पडद्याची लांबी-रुंदी पाहणाऱ्याला हा कागद वाचायला किती वेळ लागला असता?

आणि शिक्षा? १९६०च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. दहा रुपयांत आज दोन अंडी येत नाहीत. तेव्हा दंडाच्या भीतीने कुणी सुधारेल ही आशा मी सोडली आहे. आपल्या हातातला परवाना हीच खरी चावी आहे, म्हणून तर हे पत्र पोलिसांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे. हे आपलं काम नाही असं म्हणण्याची सोयही राहिलेली नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आणली, तिच्यात शहरांच्या कारभाऱ्यांकडे सोपवायचे १८ विषय आहेत. पंधरावा आहे कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध. अठरावा, कत्तलखान्यांचं नियमन.

रहिवासी संघातल्या मंडळींना, त्यातही माझ्यासारख्या खाणाऱ्यांना, थोडं स्वार्थाचं सांगते. जनावर तासन्‌तास घाबरलेलं, तहानलेलं, उभ्याने प्रवास करून आलेलं असलं की त्याच्या स्नायूंतली साखर आधीच संपते. मेल्यानंतर याच साखरेपासून आम्ल तयार होतं. निरोगी, विसावलेल्या जनावराच्या मांसाचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) सातच्या आसपासून साडेपाच-पावणेसहावर उतरतो आणि त्यामुळेच मांस मऊ राहतं, टिकतं. साखरच उरली नाही तर आम्ल बनत नाही. मटण काळपट, चिकट होतं आणि लवकर वास मारतं. आपण घरी येऊन खाटकाला शिव्या देतो की म्हातारा बोकड गळ्यात मारला. बोकड तरुण असतो बऱ्याचदा. त्याने रात्र ट्रकात काढलेली असते.

आपल्या मराठी लोकांची एक गोष्टही सांगायलाच हवी. शेजाऱ्यांचा सावन आषाढी पौर्णिमा झाली की सुरू होतो आणि आपला श्रावण अमावास्येनंतर. मधल्या पंधरवड्यात दुकानापुढच्या रांगेत इंदुरातले मराठीच जास्त भेटतात, आणि गटारीला तर विचारू नका. जोशी-कुलकर्ण्यांची पोरंही कोपऱ्यावर स्कूटर लावून येतात, आईला सांगू नका काकू म्हणतात. त्या दिवशी पोऱ्याचा हात दुप्पट वेगाने चालतो, धार लावायला उसंत नसते, पिंप भरून वाहतं. घाई आपली असते. "भिया, जल्दी कर" असं मीही म्हटलेलं आहे.

हे शहर २०१७पासून वर्षामागून वर्ष देशात स्वच्छतेत पहिलं आलं. कचऱ्यावर पडदा टाकून आपण पहिले आलो नाही. दारात गाडी आली, ओला-सुका वेगळा करा म्हणून माणसं रोज मागे लागली, न करणाऱ्याला दंड झाला, करणाऱ्याचं कौतुक झालं. दोन वर्षांत सवय लागली. माझ्या सासूबाईंनी नव्वदीच्या उंबरठ्यावर केळ्याची साल आणि दुधाची पिशवी वेगळी टाकायला शिकून घेतलं. तेव्हा 'लोक ऐकत नाहीत' हे कारण निदान इंदुरात तरी चालायचं नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिली, ते काळं प्लॅस्टिक काढा. रस्त्यावरून दिसू नये हे हवंच असेल तर हवा खेळेल अशी जाळी किंवा आडवी भिंत सांगा आणि आत पंखा बंधनकारक करा. पिंजऱ्याच्या प्रत्येक कप्प्यात पाणी, आणि किती पक्षी ठेवायचे तो आकडा बाहेर पाटीवर.

परवाना किंवा नोंदणी नवी करताना सुरीची धार, नरसाळं आणि कापण्याची आडोशाची जागा पाहिल्याशिवाय सही करू नका. ५० पेक्षा जास्त कोंबड्या कापणाऱ्याला नोंदणीच्या कागदावर चालू देऊ नका. पण त्याला एकदम कुलूपही घालू नका. तो पोरगा रोज कमावून रोज खाणारा आहे. तीन महिन्यांची मुदत द्या आणि काय करायचं ते शिकवा. आजवर त्याला पडद्यापलीकडे कुणी काही शिकवलेलं नाही. महूचं महाविद्यालय इथून तासाभराच्या आत आहे. तिथली मुलं येऊन दाखवतील आणि त्यांनाही पुस्तकाबाहेरचं काही कळेल.

मोठी जनावरं आणि शेळ्या-मेंढ्या जिथे कापल्या जातात तिथे ९६च्या आकड्याला चिकटून राहा. जास्त जनावरं असतील तर जास्त डॉक्टर द्या. तरुण डॉक्टरला पहाटे बॅटरी घेऊन एकटं पाठवू नका, आणि त्याने 'शक्य नाही' असं लिहिलं तर त्याला उत्तर द्या. ही मागणी मी माझ्यासाठीच करते आहे, चाळीस वर्षं उशिरा.

रहिवासी संघाला वेगळं सांगणं एवढंच की ठराव मागे घ्यायची गरज नाही, त्यात एक ओळ घाला: दुकानाची तपासणी होईल तेव्हा पक्ष्यांना पाणी आहे की नाही हेही पाहिलं जावं. पुढच्या सभेला मी येणार आहे. मागच्या सभेत मी गुडघ्याचं निमित्त करून आले नव्हते.

आणि आपल्यापैकी कुणी तपासणीला निघालं तर मला निरोप द्या. जुन्या लोखंडी बाजारातल्या एका पत्रेवाल्याकडून मी दोन नरसाळी करून घेतली आहेत, कडा गोल वळवलेली, कोंबडीच्या अंगाला लागणार नाहीत अशी. ती घेऊन येईन. कोपऱ्यावरचा पोरगा एक लावून बघायला तयार आहे. दुसरं कुठे लावायचं ते आपण सांगा.

कळावे.

आपली,
एक निवृत्त पशुवैद्य
इंदूर